परत हाक

१० मार्च
जहाजावरून

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तू, वहिनी आणि मुलंही बरी असाल असं धरून चालतो. माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. जहाजावर फोन आहे, आठवड्याला माणशी दहा मिनिटं मिळतात, पण फोनवर तुला नीट ऐकू यायचं नाही. म्हणून कागद. टपाल बंदर लागल्यावरच पडेल, तोवर जमेल तसं लिहीन.

नऊ वर्षं झाली मला इथे, आणि मी नेमकं काय करतो ते तुला एकदाही धड सांगितलेलं नाही. हे जहाज संशोधनाचं. मासे धरत नाही, माल नेत नाही. ठरलेल्या जागी थांबायचं, समुद्राचं पाणी तपासायचं, पुढच्या जागी जायचं. माणसं छत्तीस, त्यातले चौदा शास्त्रज्ञ. एक लोखंडी पिंजरा आहे, त्याच्या कडेने चोवीस लांबट बाटल्या, प्रत्येक दहा लिटरची. पिंजरा वायरीला, आणि वायर माझ्या विंचवर. म्हणजे पुरुषभर उंचीचं रीळच समज. सहा हजार मीटर वायर, जाडी आठ मिलिमीटर. लोक तिला आठ म्हणतात. मी मोजली, सात पूर्णांक नऊ आहे. पिंजरा तळापर्यंत सोडायचा, आणि वर आणताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली मिटून तिथलं पाणी घ्यायचं. सोडणारा आणि आणणारा मी. आचारी म्हणतो, "मिस्त्रींच्या विंचला बोट लावलं तर विंचू परवडला." म्हणू दे.

मागच्या महिन्यात विंचच्या आवाजात मला बारीक खरखर आली. इंजिनिअर म्हणाला, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. मी म्हटलं, स्क्रीनला कान नसतात. उघडलं, तर बेअरिंगचा एक छर्रा फुटलेला. दोन पदव्या आहेत त्याच्याकडे. मी आठवी पास, बाकी सगळं मशिनच्या पुस्तकांतून आणि मशिनच्या पोटातून शिकलेलो.

नियम इथे पुष्कळ. अंघोळ तीन मिनिटं, त्यातही साबण लावताना नळ बंद. कप दोन तृतीयांशच भरायचा, नाहीतर जहाज झुकलं की चहा शेजाऱ्याच्या मांडीवर. खुर्च्यांना साखळ्या. जिन्यात एक हात कठड्याला. दोन्ही हातांत सामान असेल तर दोन खेपा. नोंदवहीत खोडरबर चालत नाही, पांढरा रंग तर नाहीच. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची. हा नियम मला फार आवडतो.

आणि सगळ्यांत मोठा म्हणजे परत हाक. विंच हलवायच्या आधी मी हाक द्यायची, "उचलतोय!" पिंजऱ्यापाशी जो असेल त्याने हात बाजूला घेऊन तेच परत म्हणायचं, "उचल!" परत हाक आल्याशिवाय दांड्याला बोट लावायचं नाही. आपल्या दुकानात पत्रा दाबायच्या प्रेसवर तू "हात?" – "बाहेर!" असं बसवलं होतंस ना, तसंच.

असो. जेवणाची घंटा झाली.

तुझा धाकटा

*

२४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. काल इथे एक भानगड झाली.

पिंजऱ्यावर एक संशोधक बाई काम करते. तिशी ओलांडलेली असेल. सगळे तिला बाटलीबाई म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. कामाला चोख. बाटलीचं झाकण लागलं की नाही ते ती नुसतं बघत नाही, ओढून बघते. तर काल सकाळी साडेनऊला पिंजरा उचलताना तिचा हात आत होता. हातमोजा अडकला, मनगट पिरगळलं, पिंजरा जहाजाच्या कडेवर आपटून एक बाटली फुटली. मी एका सेकंदात थांबवलं. दुसरा कुणी असता तर हातच गेला असता.

डेकच्या मुकादमाने विचारलं, "मिस्त्री, हाक दिली होतीत?"

"दिली की. तिला ऐकू आली नसेल."

"आणि परत हाक?"

"आल्यासारखी वाटली. वारा होता."

तसंच नोंदलं गेलं, मी सही केली. आता जहाजाची नर्स तिचे कान तपासणार आहे. तोवर तिला डेकवर यायला बंदी. नियमच आहे तसा, माझ्या हातात काय आहे?

वारा तसा फार नव्हता.

आज एवढंच.

धाकटा

*

२८ मार्च

दादा,

आज नमस्कार शेवटी लिहीन. तू घेणार असलास तर घे.

गेले तीन दिवस जेवणाच्या खोलीत बाटलीबाई माझ्या समोरच्या टेबलाशी बसत होती. मनगटाला पट्टी. दुसऱ्या हातात घड्याळ धरून आधी एका कानाला लावायची, मग दुसऱ्या, डोळे मिटून. आचाऱ्याने गंमत म्हणून तिच्या कानाशी येऊन बोंब ठोकली, "बाई, सूऽऽप!" सगळे हसले. तीही हसली. परवापासून लोक तिच्याशी मोठ्याने बोलायला लागले होते आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

काल दुपारी ती मला म्हणाली, "मिस्त्री, नर्स म्हणते कान ठीक आहेत. घड्याळही ऐकू येतं. पण तुमची हाक मला खरंच आली नाही हो. विंचच्या आवाजात जात असेल का?"

दादा, हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी, इस्पितळातल्या खाटेवरून. "प्रेसच्या आवाजात जात असेल का रे?" असं तू विचारलं होतंस. डाव्या हाताला बँडेज होतं, म्हणून उजव्या हाताने डावा कान चाचपत होतास.

मी तडक वर गेलो. कप्तान आणि मुकादम दोघेही नकाशापाशी होते.

मी म्हटलं, "तेवीस तारखेच्या नोंदीवर रेघ मारायची आहे. मी हाक दिली नव्हती."

मुकादम म्हणाला, "नऊ वर्षं हाक देताय तुम्ही! विसरलात?"

"विसरलो नाही. गरज वाटली नाही. ती चार मोजेपर्यंत हात काढते, रोज बघतो. लाट बरोबर होती. मी चार मोजले आणि उचललं."

कप्तान म्हणाले, "खाली तुमची सही आहे, मिस्त्री."

"आहे. म्हणूनच रेघ मीच मारतो."

"विंचवरून उतरवावं लागेल तुम्हाला. पुढच्या फेरीचंही मी सांगू शकत नाही."

"उतरवा."

त्यांनी वही पुढे सरकवली. मी रेघ मारली, शेजारी लिहिलं, सही केली. मग खाली जाऊन बाटलीबाईला तोंडावर सांगितलं. वाटलं होतं रागावेल, नाहीतर "जाऊ द्या हो" तरी म्हणेल. ती एवढंच म्हणाली, "तीन दिवस मी घड्याळ कानाला लावून बसले होते, मिस्त्री." आणि उठून गेली. आज सकाळी ती परत डेकवर होती. विंचवर दुसरा माणूस होता. त्याची हाक आणि तिची परत हाक, दोन्ही मला खाली ऐकू आल्या. मी आता जहाजाच्या मागच्या बाजूला गंज खरवडतो. तेही नीट करतो.

तिचे तीन दिवस. तुझी अकरा वर्षं.

त्या दिवशी काय झालं ते आता सरळ लिहितो. सकाळी मी प्रेसवर डाय बसवला होता, पहिल्यांदा सगळाच्या सगळा साचा माझ्या हाताने केलेला. तू गिऱ्हाइकासमोर कॅलिपर काढून तो परत मोजलास. माप बरोबरच होतं. तू "शाबास" म्हणालासही. पण मोजलास, ते मला लागलं. मी अबोला धरला. दुपारी प्रेसवर तू पत्रा सरकवत होतास आणि पायपट्टी माझ्या पायाखाली होती. "हात?" असं विचारायचं म्हणजे तुझ्याशी बोलावं लागणार. मला बोलायचं नव्हतं. तुझा हात चारात बाहेर येतो हे मला पाठ होतं. मी मनात चार मोजले आणि पाय दाबला. त्या दिवशी पत्रा अडकला होता.

इस्पितळात वहिनींनी विचारलं, "हाक नाही मारलीत?" मी म्हणालो, "मारली की. दादाला ऐकू आली नाही."

मी मारली नव्हती, दादा. ऐकू यायला हाकच नव्हती.

तुझी दोन बोटं माझ्या पायाखाली गेली, ते मी एक वेळ अपघात म्हणेन. पुढचं सगळं मी जागेपणी केलं. कानाच्या डॉक्टरने तुला उत्तम म्हणून सांगितलं, तू किती खूश होऊन घरी आला होतास; तेव्हा "डॉक्टरच्या खोलीत प्रेस थोडीच चालू असते?" हे मीच म्हणालो. तू तिथेच प्रेस सोडलीस. ज्याला साथीदाराची हाक ऐकू येत नाही त्याने मशिनवर उभं राहू नये, हा नियम तूच केला होतास आणि तूच पाळलास. आज गोदामात खोकी मोजतोस. वहिनी तुझ्याशी ओरडून बोलतात. मुलं "बाबा, अँटेना फिरवा" म्हणून हसतात. दारावरच्या बेलला लाल दिवा लावलाय, बेल वाजली की पेटणारा. तो दिवा मीच आणून बसवला. वायर भिंतीच्या आतून नेली, बाहेर कुठे दिसू दिली नाही. इतकं नीट काम केलं.

फोनचंही खरं सांगतो. मी बोललो असतो तर तू प्रत्येक शब्द ऐकला असतास, म्हणून कधी केला नाही. पहिल्या पत्रातल्या फोनच्या वाक्यावर आता रेघ मारतो आहे, दुसऱ्यातल्या "दिली की"वरही. दोन्ही पत्रं फाडणार होतो. फाडली नाहीत. खालचं वाचता आलं पाहिजे.

जहाज सोळा एप्रिलला बंदराला लागेल. ही तिन्ही पत्रं तिथूनच टाकीन. ती तुझ्या हातात पडायला चार दिवस धर, आणखी दोन तुझे तुला. बावीस तारखेला, रविवारी सकाळी, सगळी घरात असतात तेव्हा मी येतो आहे. वहिनींसमोर आणि मुलांसमोर हेच सगळं बोलेन. पत्र तू त्यांना आधी दाखवलंस तरी बोलेन, नको म्हणालास तरी बोलेन. त्या दिव्याची वायर काढायला पेचकस बरोबर आणतो आहे.

बेल दाबणार नाही. फाटकाशी उभा राहून तुला हाक मारीन, एकदाच, नेहमीच्या आवाजात. ती तुला ऐकू येईल. परत हाक आली तर आत पाऊल टाकीन. नाही आली तर ती तू दिली नाहीस, एवढंच समजेन. ऐकू आली नसेल असं यापुढे कुणाला म्हणणार नाही आणि म्हणू देणार नाही.

नोंद दुरुस्त केली:
~~हाक दिली होती, दादाला ऐकू आली नाही.~~
हाक दिली नव्हती. दादाचे कान उत्तम आहेत.

खाली सही करणारा,
तुझा धाकटा भाऊ

साष्टांग नमस्कार.