न मिळालेल्या खोल्यांची पावती

४ एप्रिल

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. हे जाऊन काल दोन महिने झाले. मी वेळेवर जेवते, काळजी नसावी.

खालच्या तीन खोल्या एकतीस मार्चपर्यंत सोडा, असा आमच्या भाडेकरूला, सरकारी मोजणी कार्यालयाला, कोर्टाचा हुकूम आहे. यांनी तो बारा वर्षे भांडून मिळवला. जिना चढवेना, म्हणून यांना खाली राहायचे होते. ते वरच गेले. मुदत संपली तरी टेबले हललेली नाहीत, शिक्के मारल्याचे आवाज वर येतात. वकीलबाईंनी कोर्टाच्या अवमानाचा अर्ज केला आहे. वीस तारखेला सुनावणी.

त्यांना एक गोष्ट मी सांगितलेली नाही. एकोणतीसला खालचे साहेब वर आले होते. टाइप केलेली पावती होती, तिन्ही खोल्यांचा ताबा मिळाला अशी. सोमवारी टेंपो आणतो, ही नुसती कागदाची पूर्तता, म्हणाले. मी सही केली. सोमवार गेला. काल विचारले तर म्हणाले, काकू, आता उलट बोललात तर खोटी सही केली म्हणून तुम्हीच आत जाल. दादा, मी वाचून सही केली होती. हात कापतो आहे, अक्षर समजून घ्या. वहिनींनाही सांगू नका.

रागावलात तरी माया सोडू नका.

तुमची धाकटी

९ एप्रिल

चि. चिमणीस अ. उ. आ.

वहिनीला सांगितले. पोटात ठेवले असते तर मला झोप लागली नसती. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकताना तुझा हात कधी कापला नाही, आणि आता कापतो!

थट्टा पुरे. मीही घाबरलो आहे. वहिनी म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तर आपण दोघे भित्रे मिळून एक शहाणपण करू: वकीलबाईंना आजच सांग. हे त्यांना साहेबाच्या तोंडून कोर्टात कळले तर आपण बुडालो.

पण वाचलेस, तरी सही का केलीस? ते कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,

दादा

२५ एप्रिल

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

वकीलबाईंना सांगितले. आधी रागावल्या, मग पाणी दिले.

कोर्टात साहेबांनी पावती पुढे केली. न्यायाधीशांनी मला बोलावले. कठडा धरून मी सांगितले की सही माझी आहे, खोल्या मिळाल्या नाहीत. मग सही का केली, असे त्यांनीही विचारले. तुम्हाला कळवले नव्हते, ते तिथे सांगावे लागले. सहीच्या दिवशी साहेबांनी मला विचारले होते, यांना शेवटी फार त्रास झाला का. खालून कुणीच कधी विचारले नव्हते. मी बोलत राहिले. बोलून झाल्यावर कागद पुढे आला, आणि मला नाही म्हणता आले नाही.

मागे कुणी तरी हसले. न्यायाधीश हसले नाहीत. आज तुमचे कार्यालय कुठे भरले आहे, एवढेच त्यांनी साहेबांना विचारले. त्याच खोल्यांत, असे साहेबांना सांगावे लागले. चार दिवसांत जागा सोडा, शिक्षेचे पुढच्या सोमवारी बघू, तुरुंगही होऊ शकतो, असे न्यायाधीश म्हणाले.

काल टेबले गेली. आज दुपारी साहेब पुन्हा वर आले. माझी तक्रार नाही असे मी लिहून दिले तर ते सुटतील म्हणे. मी कडीला हात लावून आत उभी होते. बाहेरून त्यांनी विचारले, काकू, जेवलात का, काकांशिवाय घर खायला उठत असेल. दादा, खरेच उठते. दाराखालून कागद आत आला. मी तो पायाने बाहेर ढकलला. बराच वेळ पावले हलली नाहीत.

संध्याकाळ झाली, कडी तशीच आहे. सोमवारच्या आधी याल का? भूत एकदाच हाक मारते म्हणतात, तुम्ही आलात की दोनदा हाक मारा. एका हाकेला मी दार उघडणार नाही.

वाट पाहते.

तुमची धाकटी