खांद्यावरची उघडी रेघ

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

पोचले एकदाची! सोयगावच्या एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण इथं उतरले आणि सगळा शीण गेला. औरंगाबादची ही माझी पहिलीच नोकरी. कामही मजेचं, चित्रांची यादी करायची. तात्यासाहेब नावाचे चित्रकार दोन वर्षांमागं वारले, त्यांची दीडशेवर चित्रं घरात पडून आहेत. धाकटे भाऊ काकासाहेब देवगाव रंगारीला शेती बघतात. त्यांना पुढच्या महिन्यात प्रदर्शन भरवायचंय, म्हणून ड्रॉइंगची परीक्षा पास झालेली ही कस्तुरा आता पंधरा दिवस इथंच, जेवणखाणासकट.

घर खडकेश्वराजवळ, बैठं, हवेशीर. तात्यासाहेबांच्या मागं त्यांची बायको आशाबाई एकटीच राहते. पंचेचाळिशीची असेल. मी तिला काकू म्हणायला लागले. आल्या आल्या तिनं गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली, वर म्हणाली की लई वाळलीस गं पोरी. एकच खोड आहे. घरातलं एकही दार ती लावत नाही. न्हाणीला नुसता पडदा! माझी पंचाईत झाली.

१९ नोव्हेंबर

खरं लिहायचं तर ही चित्रं मला ओ का ठो कळत नाहीत. नुसते काळे डाग. सारवताना हात घसरावा तसे. यादीत लिहिलं, ‘काळा डाग, मोठा’. पुढचं, ‘काळा डाग, त्याहून मोठा’. काकू हसून हसून बेजार.

मग कपाटातून एकच वेगळं निघालं. शाईनं काढलेली पाठमोरी बसलेली बाई. एकाच रेघेत! नाक नाही, डोळे नाहीत, तरी बघताक्षणी कळतं की काकूच. काय हात होता त्या माणसाचा! फक्त डाव्या खांद्यावर रेघ बोटभर तुटलीय. शाई उडाली असणार. काकासाहेबांनी बजावलंच आहे की कुठं काही उडालं-फाटलं असेल तर नीट करून ठेवा.

२१ नोव्हेंबर

आज ती रेघ जोडली. दोन दिवस डोळ्यात खुपत होती. आमची आई, भागूबाई, रांगोळीत रेघ उघडी दिसली की हातावर चापट मारायची. म्हणायची, उघडी ठिवू नाय, घर उघडं ऱ्हातं. तेव्हापासून अर्धवट काही बघवतच नाही मला. शाई तात्यासाहेबांचीच घेतली, ब्रशही त्यांचाच. श्वास रोखला आणि एका झटक्यात टोकाला टोक. कुठं जोडलंय ते त्यांनासुद्धा सापडायचं नाही! स्वतःवर बेहद्द खूश झाले.

२३ नोव्हेंबर

काकू रोज गुलमंडीवर भाजीला जाते. आज फाटकापर्यंत गेली आणि पिशवी तशीच घेऊन परत आली. म्हणाली, पाऊल उचललं नाय. वात असेल म्हणून मी तेल चोळून दिलं.

२५ नोव्हेंबर

काल ती अंगणात उतरू शकली नाही. आज स्वयंपाकघरात जाता आलं नाही. पाय चांगले आहेत, खोलीतल्या खोलीत फिरते. उंबऱ्याशी आली की थबकते आणि हात पुढं करून चाचपते. दार तर सताड उघडं! डॉक्टर येऊन गेले. नसांचा अशक्तपणा म्हणाले, गोळ्या दिल्या. भाकरी मीच थापली. काकूनं खाल्ली नाही. घर लहान झालंय का गं, असं मला दोनदा विचारलं.

२७ नोव्हेंबर

ती खुर्चीतून उठत नाही. खिडकीकडं तोंड, माझ्याकडं पाठ. मी चहा घेऊन गेले आणि कप हातातून पडला. मान, पाठ, टेकलेला हात, सगळं त्या चित्रासारखं. आणि पदराच्या कडेनं, खांद्यावर, एक बारीक काळी रेघ. ओल्या फडक्यानं पुसली. पुसली गेली नाही.

मी पाय धरून कबूल केलं.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडत रडत सांगायला लागली. रझाकारांच्या धामधुमीत सासऱ्यांनी तिला धान्याच्या बळदात लपवलं होतं, वर फरशी ओढून. अकरा दिवस. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा बाहेर काढलं. तेव्हापासून तिला बंद दार सोसत नाही. लोक म्हणायचे, तात्यासाहेबांना माणसं काढता येत नाहीत म्हणून डाग काढतात. तसं नव्हतं. त्यांनी एकदा दारची मेंढी काढली, रेघ टोकाला टोक लावून पुरती जोडली. मेंढी आठ दिवस एका जागी उभी राहिली, पुढ्यात चारा तसाच, आणि उभ्या उभ्याच वाळली. पुन्हा जिवंत काही काढायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली. काकूनंच हट्ट धरला, माझं एक काढा. तेव्हा खांद्यावर बोटभर जागा सोडून ते म्हणाले होते की ही तुझी वाट.

ती मी बुजवली. मी! कुणी सांगितलं होतं मला?

२८ नोव्हेंबर

काकूला पाणी गिळता येत नाही. छाती हलते ती जेमतेम. सारखं एकच म्हणते, फरशी सरकव गं, फरशी सरकव.

परीक्षेत चुकलेली रेघ आम्ही ब्लेडनं खरवडायचो. उद्या उजाडल्यावर तेच करणार. ब्लेड घसरलं तर — नाही, घसरायचं नाही.

२९ नोव्हेंबर

निघाली!

ब्लेडच्या प्रत्येक ओरखड्याला ती कण्हत होती. खांद्यावर रक्त आलं. मी थांबले नाही. कागद बोटभर पांढरा झाला आणि तिनं इतका मोठा श्वास घेतला की मी तिथंच हमसून हमसून रडले. उठली, चालत अंगणात गेली, फाटकाबाहेर गेली. संध्याकाळी काकासाहेब जीप घेऊन आले, तिला देवगावला नेलं.

मलाही ओढत होती. म्हणत होती की आत्ताच चल, एकदा जोडलेली रेघ मोकळी सुटली की तिला कुणीतरी लागतं. मीच गेले नाही. सात चित्रं राहिली होती. अर्धं काम टाकून जाणं माझ्यानं होत नाही. ब्लेड खिडकीत ठेवलंय, सोमवारी तुला न्यायला येते म्हणून काकू सांगून गेली.

३० नोव्हेंबर

त्या चित्राचा कागद कोरा आहे. साफ कोरा. रेघ गेली कुठं?

दुपारी मीठ आणायला निघाले. फाटकाशी पाऊल उचललं नाही.

१ डिसेंबर

दूधवाल्याला हाक मारली — तो माझ्याकडं बघून पुढं गेला. ऐकू गेलं नाही त्याला.

स्वयंपाकघर बंद. दार उघडंच आहे, तरी बंद.

यादी पुरी केली. दुसरं करणार काय? खाली दोन रेघा ओढल्या, पूर्णविराम दिला.

२ डिसेंबर

रेघ फरशीवर आहे — टेबलाभोवती — ओली —

दोन टोकं — काल सांडलेली शाई वाटली — यादीला पूर्णविराम दिला तेव्हा एकमेकांपासून हातभर लांब होती — उठून बघते तर वीतभर

कळलं — उशिरा कळलं — जे पुरं होतं ते मिटतं

म्हणून आता पूर्णविराम नाही — आई, रागावू नको, मारू नको चापट —

खिडकी चार पावलांवर — ब्लेड दिसतंय — हात पोचत नाही

काकू आज येणार — सोमवार आहे ना आज — जीपचा आवाज येतोय की —

डावा हात टोकांमधल्या फटीत घातलाय — लई गार — चार बोटं मावतात — तीन

काकू, आलीस तर आधी ब्लेड — आणि ही वही कुणालाही सापडली तर शेवटचं वाक्य पुरं करू नका, हात जोडते, तेवढी एकच वाट मी मुद्दाम उघडी