अध्यक्षांचा उपास

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
नवी वही, नवा संकल्प. आमच्या मंडळातून भेदभाव, टोमणे आणि दादागिरी हद्दपार करणे. बायकांच्या दादागिरीला ताईगिरी म्हणावे काय, असा विचार आला. पण मला सगळ्या ताईच म्हणतात. शब्द रद्द.

मंडळाचे नाव आधी सौभाग्यवती महिला मंडळ होते. विधवा बायकांना बाहेर ठेवणारे हे नाव मी भाषणे करकरून बदलायला लावले. आता समता महिला मंडळ. लेटरपॅड मात्र जुनेच संपवायचे ठरले आहे. छपाई बरीच झाली होती.

बीडच्या महिला सहकारी संघाने यंदा समतेची ढाल जाहीर केली आहे. १३ मार्चला संघाच्या मॅडम पाहणीला येणार. त्याच दिवशी अध्यक्षपदाची निवडणूक. म्हणजे ढाल हातात आणि खुर्ची खाली, दोन्ही एकाच दिवशी. अंबाजोगाईच्या कॉलेजात वक्तृत्वाचे कप मिळवले ते काय उगीच!

सायंकाळ.
बैठक छान झाली. मी पाऊण तास बोलले. नंतर चर्चेला वेळ उरला नाही.

नवीन सभासद सरूबाई. भीमनगरात राहतात. मी जात मानत नाही म्हणून इथे लिहीत नाही. भीमनगर एवढे पुरे. त्यांना मी स्वतः उठून जागा दिली, दाराजवळ. तिथे वारा चांगला येतो.

ठराव एक: दर आठवड्याला सहभोजन. प्रत्येकीने भाकरी आणायची, एकाच परातीत टाकायची, एका पंगतीत बसायचे. टाळ्या.
ठराव दोन: टँकर चौथ्या दिवशी येतो. तेव्हा प्रत्येकीने प्यायचे पाणी आपापल्या बाटलीत आणावे. यालाही टाळ्या. दुष्काळाने का होईना, समता आली. सगळ्यांचे पाणी सारखेच वेगळे.

पंगत लगेच बसली. सरूबाईंच्या भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेल्या. माझा नेमका सोमवार होता. हात जोडून सांगितले. सगळ्यांनी समजून घेतले.
घरी आल्यावर पिठले-भाकरी. उपास सुटला असे धरले.

११ फेब्रुवारी, सोमवार.
सहभोजन. माझा सोमवार.
बायनाबाई म्हणाल्या, ताई, तुमच्या उपासात पंगत येती का पंगतीत उपास, काई कळंना. बायनाबाई वयाने मोठ्या, नवरा जाऊन वीस वर्षे झाली, तोंडावर ताबा नाही. मी हसून सोडून दिले. नंतर टोमणेबंदीची आठवण झाली. त्यांना सर्वांसमक्ष समज दिली, जरा मोठ्या आवाजात. टोमणे मारणारीला चारचौघांत लाजवले की टोमणे बंद होतात.

पंगतीचा वार गुरुवार करावा, अशी सूचना त्यांनीच केली. मी खिलाडूपणे मान्य केली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.
गुरुवारी माझा दत्ताचा असतो. हे कुणी आधी विचारायला नको का? अर्जुनरावांना सांगितले. ते दूध संस्थेत तीस वर्षे सेक्रेटरी होते, पेपरमधून मान वर काढायची सवय नाही. म्हणाले, दत्ताचा कधीपासून? मी म्हटले, संसारात लक्ष असते तर माहीत असते.

केसरबाई माझी चुलत जाऊ, मंडळाची खजिनदार. तिने आज परातीतल्या भाकरी वाढताना सरूबाईंच्या तेवढ्या तळाशी सारल्या. मी पाहिले. बाजूला घेऊन तिला समजावले, की संघाच्या मॅडम आल्यावर असे दिसता कामा नये.

२३ फेब्रुवारी, शनिवार.
पंगतीचा वार आता शनिवार. माझा मारुतीचा.
आज सरूबाई आल्या नाहीत. बायनाबाई म्हणाल्या, ती म्हणली, मी आता येत न्हाई, माझी भाकर परातीच्या बुडाला नि मी दाराच्या तोंडाला, मंग मंडळात हाय कोण माझं? मी कशाला यावं?

कमाल आहे. वाऱ्याची जागा दिली, त्याचे हे फळ! लोक फार हळवे झाले आहेत. बाबासाहेबांचे मी तीन खंड वाचले आहेत. सरूबाईंनी एवढे तरी वाचले आहेत का?

पण ढालीच्या अर्जात भीमनगरच्या सभासदांचा रकाना आहे. तेव्हा तत्त्वाचा प्रश्न म्हणून बायनाबाईंना पाठवले. रात्री निरोप आला, येते म्हणाली, पण ताईंसाठी न्हाई, तुमच्यासाठी. ताईंसाठी न्हाई म्हणजे काय? असो. आकडा पूर्ण.

७ मार्च, गुरुवार. छावणीवरून आल्यावर.
माळावर जनावरांची छावणी लागली आहे. राखणीला राहणाऱ्या माणसांना दुपारची भाकरी आमचे मंडळ देते. आज मी स्वतः देखरेखीला गेले. डोक्यावर ऊन, पायाखाली फुफाटा, आणि माझी बाटली संपलेली. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा चाऱ्याच्या पेंढीवर डोके होते आणि सरूबाई पदराने वारा घालत होत्या. त्यांच्या कळशीतले दोन तांबे पाणी मी प्यायले म्हणतात. वर गुळाचा खडा. बायनाबाई विचारत होत्या, गोड लागलं का ताई? टँकर तर एकच हाय म्हना.

या प्रसंगाची नोंद अशी: बेशुद्धीत प्यायलेले पाणी धरत नाहीत. मी शिवाशिव मानत नाही. तरी धरत नाहीत.

सरूबाईंचे आभार मानायचे राहिले. जाहीर भाषणात मानेन. तिथे जास्त परिणाम होतो.

९ मार्च, शनिवार.
तयारीची बैठक. बायनाबाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले. चष्मा लावला. बोट फिरवले. म्हणाल्या, तेरा तारीख, बुधवार. चतुर्थी न्हाई, एकादशी न्हाई, परदोष न्हाई, काईच न्हाई. बायांनो, ताई जेवणार! सगळ्या हसल्या. सरूबाईसुद्धा, पदर तोंडाला लावून.

माझ्या प्रकृतीची त्यांना एवढी काळजी आहे हे पाहून भरून आले. पण सोय करून ठेवली पाहिजे.

११ मार्च, सोमवार.
सोय झाली. बुध ग्रहाचा उपास असतो. वक्तृत्वाचा कारकच बुध. इतकी वर्षे कसा सुचला नाही!
भाषण तयार: 'एक परात, एक पंगत, एक घास.' आरशासमोर म्हटले. अर्जुनराव म्हणाले, शेवटच्या वाक्याला घास घ्यायचा का? मी म्हटले, ते प्रतीकात्मक आहे.

१३ मार्च, बुधवार. दुपारी चार.
लिहायला हात होत नाही. पण रोजनिशी खरी असावी.

दूध संस्थेच्या पटांगणात मंडप. संघाच्या मॅडम वेळेवर आल्या. शिस्तच नाही, मी फुले लावत होते. भाषण मात्र अप्रतिम झाले. ज्या ताटात भेद वाढला जातो ते ताट फोडा, असे म्हणताना माईकवर हात आपटला. कर्ण्यांची तोंडे माळाकडे होती. छावणीतले बैल बिथरले म्हणतात.

टाळ्या थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, मग पहिला घास अध्यक्षांचा! परात पुढे आली. मी हात जोडले आणि जड अंतःकरणाने सांगितले, की आज माझा बुधाचा उपास आहे.

कुणी हसले नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दाराजवळच्या, म्हणजे मंडपाच्या तोंडाशी बसलेल्या सरूबाई उठल्या. हातात झाकलेले पातेले. सरळ स्टेजवर. म्हणाल्या, ताई, मला वाटलंच तुमचा उपास आसंल. त्या दिवशी उनात अशाच पडल्या होत्या, उपाशीपोटी. म्हून तुमच्यासाठी भगर केली हाय. दाण्याची आमटी बी हाय. मीठ उपासाचंच टाकलंय.

चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी नीट पाहिले. असती तर उत्तर देता आले असते.

भगरीची वाफ येत होती. सगळा मंडप माझ्या तोंडाकडे. आणि ज्या तोंडाने इतके कप जिंकले त्या तोंडाने आपणहून म्हटले, आज माझा उपास नाही.

माईक चालू होता.

बायनाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, मंग भाकर घ्या की! मंडप फुटला. संघाच्या मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. केसरबाई, माझी सख्खी चुलत जाऊ, ती सर्वांत जोरात. मी सरूबाईंची भाकरी घेतली, कपाळाला लावली, आणि प्रसाद म्हणून पदरात बांधली. इतक्या गोंधळात एवढी हजरजबाबी कृती दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

निवडणूक हात वर करून. आधी सरूबाईंचे नाव पुढे आले. त्या म्हणाल्या, मला खुर्ची नको. दाराजवळून उठवा म्हंजे झालं. मग बायनाबाई. हात मोजावे लागले नाहीत. खाली राहिलेला एकच होता.

ढालीचे मॅडम कळवणार आहेत. सौभाग्यवतीच्या लेटरपॅडवर केलेला अर्ज त्यांनी दोनदा उलटून पाहिला.

सात वाजता.
पदरातली भाकरी ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले होते. आले तर अर्जुनराव ठेच्याशी खात बसलेले. म्हणाले, तीस वर्षांत अशी भाकरी या घरात झाली नव्हती, आज काय केलंत?
चतकोर उरली होती. उभ्याउभ्या खाल्ली. चवीची कल्पना असावी म्हणून. मंडळाच्या कामासाठी.
चांगली होती. दुसरी असती तर तीही खाल्ली असती. हे कुणाला सांगायचे नाही.

२० मार्च, बुधवार.
नव्या अध्यक्षांच्या हाताखालची पहिली बैठक. भाषण नाही. सगळ्या एकदम बोलतात आणि कामे होतात, याला काही शिस्त म्हणत नाहीत.

बाटल्यांचा ठराव रद्द. मधोमध एक हंडा, एक तांब्या. सरूबाई हंड्याजवळ बसल्या. बायनाबाईंनी मला आपणहून जागा दिली, दाराजवळ. म्हणाल्या, बसा ताई, वारा चांगला येतो.
वारा येत नाही. ऊन येते. आणि तिथून कुणाचेच बोलणे नीट ऐकू येत नाही. इतके दिवस सरूबाई बोलल्या कशा नाहीत?

नवा ठराव: पंगतीचा पहिला घास माजी अध्यक्षांनी सर्वांदेखत घ्यायचा. परात लावण्याचे काम सरूबाईंकडे. पुढची पंगत २७ तारखेला.

घरी येऊन पंचांग पाहिले. मागून पुढून पाहिले.
त्या दिवशी काहीच नाही.