थ्रीडीचा कारभार

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझे बाबा गुडघ्याचं कौतुक करून घेताहेत आणि औषध मात्र विसरताहेत. फोनवर माझा आवाज उगाच गोड निघाला असता, म्हणून लिहायला बसले.

धरणातल्या गाळाचे आलेख काढायला मी ती लायब्ररी, म्हणजे संगणकाकडून आलेख काढून घ्यायचा तो तयार कोड, पहिल्यांदा वापरली, तेव्हा तू शाळेत होतीस. फुकटची, कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी अशी. सपाट आलेख ती झकास काढायची. थ्रीडी मात्र कुणीतरी हौसेने जोडून वाऱ्यावर सोडलेलं. ते पोरकं पोर मी कडेवर घेतलं, आणि माझे सगळे रविवार त्याच्यामागे गेले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तू गृहपाठ करायचीस आणि मान वर करून विचारायचीस, गाळ पाण्याच्या वर कसा काय दिसतोय? कारण ती लायब्ररी लांबचे तुकडे आधी रंगवते आणि जवळचे त्यांच्यावर. दोन पृष्ठं, म्हणजे गाळाचा आणि पाण्याचा पृष्ठभाग, एकमेकांत घुसली की पुढे कोण आणि मागे कोण, हे तिला ठरवता येत नाही. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचे, ही चूक नाही, मर्यादा आहे. तुलाही तेच सांगितलं होतं.

आणि तू, माझ्याच टेबलावर वाढलेली, पृष्ठं जिथे छेदतात तिथेच त्यांचे तुकडे पाडणारा कोड लिहून मोकळी झालीस. तुझं काम वाचताना मी आधी चूक शोधली. सापडेना, तेव्हा पोटात दुखायला लागलं. त्यात लायब्ररी सांभाळणाऱ्या आमच्या गटातल्या त्या दाढीवाल्याने सगळ्यांदेखत लिहिलं, 'अखेर या भागाला कुणीतरी वाली मिळाला.' अखेर? मग इतकी वर्षं मी काय माश्या मारत होते? आपण मायलेकी आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. बाबांनी तुझं कौतुक अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. मी मान डोलावली आणि भांडी जरा जोरात घासली.

जळते मी तुझ्यावर. आईने असं बोलू नये म्हणतात. मावशीच्या बंगल्यावर जळले नाही, मैत्रिणींच्या बढत्यांवर जळले नाही. सगळी शिल्लक बहुतेक तुझ्यासाठी राहिली.

मग गेल्या आठवड्यात चूक सापडली. पृष्ठं अर्धपारदर्शक ठेवली की तुझ्या तुकड्यांच्या कडा रेघोट्यांसारख्या उमटतात. मला इतका आनंद झाला की चहा करून एकटीच प्यायले, बाबांना विचारलंसुद्धा नाही.

आता खरं कारण सांगते. थ्रीडीचा कारभार तुझ्याकडे द्यावा का, असं गटाने मला विचारलंय, आणि शेवटचा शब्द माझाच आहे. ती चूक नुसती पुढे केली असती तरी तुझी निवड लांबली असती. मला ते हवं होतं, म्हणून आठवडाभर उत्तर दिलं नाही. आज सकाळी 'हो' कळवलं. त्याच्याच खाली ती चूकही मांडली. झाकली असती तर कारभार तुला आईच्या मेहेरबानीने मिळाल्यासारखा झाला असता. आता ती दुरुस्त कर. तू माझ्याहून लवकर करशील, हेही मला ठाऊक आहे आणि तेही मला आवडत नाही. या पत्रात अभिनंदन शोधू नकोस. ते अजून खरं झालेलं नाही. झालं की पाठवीन.

जळकी असले तरी तुझीच,
आई