टेबलाचाच आवाज

५ ऑक्टोबर, मंगळवार

परत पाचवीच! सकाळपासून फोनवर फोन. "सरांच्या बोलण्यात मधेच खाडकन काहीतरी वाजतं." एक आई तर रडकुंडीला आलेली — "अहो, पोरगं दचकून हेडफोन फेकून देतंय!"

शाळेचा सगळ्यात वरचा मजला दुरुस्तीला काढल्यापासून अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरी पडद्यासमोर. सगळ्या वर्गांचे माइक, स्पीकर, कॅमेरे माझ्या गळ्यात. इंटरनेट गेलं तरी शिव्या मलाच.

पाचवीत गेले. गणिताचा तास. माइक टेबलावर, नुसता लाकडावर ठेवलेला. सर बोलता बोलता लाकडी पट्टी टेबलावर आपटतात — "लक्ष इकडे!" तो दणका लाकडातून थेट माइकमध्ये. मला हसूच आलं. म्हटलं, "सर, तुमची पट्टी घराघरांत फटाके फोडतेय." तेही हसले. "सवय हो साउंडताई. जाता जात नाही."

भला माणूस. मला बसायला स्वतः खुर्ची आणून दिली.

माइकखाली स्पंज ठेवलाय. बघू.

६ ऑक्टोबर

स्पंजाने ढिम्म फरक नाही. कॉलरला लावायचा माइक मागवा म्हणून मोठ्या बाईंच्या मागे लागले. "बघू पुढच्या आठवड्यात." यांचा पुढचा आठवडा कधी उजाडतो देव जाणे.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

ओठावर बर्फ धरलाय. तरी लिहिते.

पाचवीत जुळी भावंडं आहेत. मुलाचा पाय सायकलवरून पडून मोडलाय, म्हणून तो घरून शिकतो. मुलगी वर्गात बसते. बाप वेल्डर. आज तो घरीच होता, मुलाच्या शेजारी. गणिताच्या तासाला त्याने तो आवाज ऐकला. खाड! खाड! आणि मागे एखादं पोर कळवळल्यासारखं. पडद्यावर नुसता फळा. सर दिसत नव्हते.

तो तसाच उठला आणि आला. मी जिन्यात केबल गुंडाळत होते, मला ढकलून वर गेला. मी मागे धावले. पोचेपर्यंत सरांची कॉलर त्याच्या मुठीत! त्यांचं डोकं फळ्यावर आपटलं. परत आपटलं. मग पोटात गुडघा. सर खाली कोसळले तर याने हातातलं हेल्मेट त्यांच्या तोंडावर घातलं. ओल्या मडक्यासारखा आवाज आला. एक दात घरंगळत माझ्या चपलेपाशी आला — मुळाशी लाल. "माझ्या पोरीला हात लावतोस? तोडीन! हात तोडून तुझ्याच हातात देईन!"

पोरं बाकांखाली. त्याची मुलगी भिंतीला चिकटून.

मी मधे पडले. त्याचं कोपर लागून ओठ फुटला. शिपाई आणि दुरुस्तीची माणसं आली तेव्हा कुठे त्याला ओढून काढला.

आणि माइक चालूच होता! सगळ्या घरांनी सगळं ऐकलं. या वेळेस आवाज अगदी स्वच्छ गेला म्हणे.

९ ऑक्टोबर

सरांचे दोन दात गेले, गालाला टाके. वेल्डर कोठडीत.

मोठ्या बाईंनी मुलीला खोलीत बोलावलं. पोलीस तिथे, सरांची बायको तिथे, मीही तिथे. "बाळा, सरांनी तुला मारलं का?"

मुलीने मान हलवली. नाही.

संपला प्रश्न. एका स्पंजाच्या तुकड्याने जमलं नाही म्हणून माणसाचं तोंड फुटलं! माझाच जीव खातेय मी.

११ ऑक्टोबर, सोमवार

पोलिसांना करून दाखवलं. रिकाम्या वर्गात मी पट्टी टेबलावर आपटली, अधिकारी मोठ्या बाईंच्या खोलीत बसून ऐकत होते. नंतर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "हुबेहूब!" म्हणाले. ते कळवळणं? सांगितलं, बाक सरकल्याचा आवाजही माइकमधून असाच येतो. येतोच. जबाब लिहून दिला — आवाज टेबलाचाच. खाली सही.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "पोरीला एकटीला विचारलं का गं कुणी?"

मी भडकले. म्हटलं, "तुला माइकमधलं काय कळतं?"

"माइकमधलं नाहीच विचारलं मी."

दादाने टीव्हीचा आवाज मोठा केला.

१३ ऑक्टोबर

वेल्डरच्या बायकोने गेटवर गाठलं. आधी हात जोडले. "ताई, माझा माणूस तापट आहे, पण बहिरा नाही. काय ऐकलं ते त्याला कळतं." मी समजावायला गेले — लाकूड, माइक, दणका… तिने माझी वेणी धरली आणि मला गेटच्या गजांवर आपटलं. "पोरगी माझी रात्री झोपेत ओरडते! तेही लाकूडच का?"

शिपायाने सोडवलं. कपाळाला टेंगूळ. तक्रार दिली नाही. बापाला तसं मारताना बघितल्यावर पोरगी ओरडणारच की.

खरं सांगायचं तर तिलाही दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. मूठ वळली होती माझी.

१९ ऑक्टोबर

आला एकदाचा कॉलर-माइक! सोबत नवा फिल्टर बसवला. बोलणाऱ्याचा आवाज तेवढा ठेवतो. ठोके, खडखड, मागचा गलका, सगळं काढून टाकतो. टाळ्या वाजवून बघितलं — हेडफोनमध्ये चिडीचूप. पट्टी आपटली — काही नाही! एकटीच नाचले वर्गात.

२५ ऑक्टोबर, सोमवार

सर रुजू झाले. मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वेल्डरला अजून जामीन नाही.

२७ ऑक्टोबर

एकही तक्रार नाही. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिने शाळेची अब्रू वाचवली."

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितेय. उजव्याला प्लास्टर.

एका घरून फोन आला — सर मधेच पुसट ऐकू येतात. म्हणून हेडफोन लावून मागच्या दाराने पाचवीत शिरले. घरी जे जातं तेच माझ्या कानात. सर फळ्यापासून लांब, बाकांमध्ये. कॅमेऱ्यात नुसता फळा. वेल्डरच्या मुलीसमोर उभे. कानात त्यांचा गोड आवाज — "घरच्या मुलांनो, हे उदाहरण सोडवा बरं, मी थांबतो." मुलीने न सांगता हात पुढे केले. न सांगता! पट्टी आडवी नाही, उभी — धारेने बोटांच्या पेरांवर उतरली. मुलीचं तोंड वासलं.

कानात काही नाही. एवढंसुद्धा नाही.

परत उतरली. पोर वाकलं, पाय झाडायला लागलं. कानात — "झालं का सोडवून?"

पट्टी तिसऱ्यांदा वर गेली तेव्हा मी धावत जाऊन हात मधे घातला. हाड मोडल्याचं मला आतून कळलं. "साउंडताई, तुम्ही कशाला मधे—" पुढचं बोलू दिलं नाही. डाव्या हाताने कॉलर धरली आणि कपाळ त्याच्या टाक्यांच्या व्रणावर हाणलं. जखम परत उघडली. रक्त माझ्या डोळ्यांत. मी ओरडत होते, पोरं ओरडत होती, आणि एकाही घरात काही ऐकू गेलं नाही. मीच तशी सोय केली होती.

३० ऑक्टोबर

वहिनीला घेऊन मुलीच्या घरी गेले. दार वहिनीनेच वाजवलं. मग आई, मुलगी, आम्ही दोघी — ठाण्यात.

माझा जबाब मागे घेतला. अधिकारी चिडले. "मग त्या दिवशी मुलगी नाही का म्हणाली?"

मुलगी म्हणाली, "सरांनी त्यांच्या बायकोकडून निरोप दिला होता, बोललीस तर बाबा कधीच सुटणार नाहीत." दोन्ही हात तिने त्यांच्या टेबलावर ठेवले. सुजलेली, काळीनिळी पेरं.

मग म्हणाली, "माझेच नाही. वर्गातल्या सगळ्यांचे बघा."