एकच गाणं चाळीस फोल्डरांत

थांबा पप्पा, आधी माझं ऐका. तुमचंही चुकलंच. एकच गाणं चाळीस फोल्डरांत कोण ठेवतं? अंबडच्या आपल्या मोबाईलच्या दुकानात तुम्ही लोकांना मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचात, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाचा वेगळा फोल्डर. 'लासलगाव ट्रॅक्टर'. 'रातपाळी वेल्डर'. 'कँटीन मावशी हळद'. मी कॉलेजातून येते आणि वैतागते, "पप्पा, डिस्क फुल झालीये, डबल गाणी उडवा ना." तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता म्हणता, "ट्रॅक्टरवाल्याचं एक गाणं मागंपुढं झालं तर तो लासलगावहून भांडायला येतो. तेव्हा काउंटरवर तू बसशील?"

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी दुकानाची ती डिस्क बाहेर काढली आणि लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं. ते नेटवरून नवी गाणी उतरवतं, जुनी गायकाप्रमाणे लावतं, वर फोटोही चिकटवतं. मी 'डुप्लिकेट काढा' दाबलं. मग 'रिकामे फोल्डर काढा'. चहाला उकळी येईपर्यंत सगळं चकाचक. मला वाटलं, तुमचं काम शेवटी कुणीतरी नीट केलं.

परवा कँटीनवाली मावशी घरी आली. थोरलीच्या हळदीला तुम्ही भरून दिलेलं कार्ड बिघडलंय आणि रविवारी धाकटीची हळद आहे. "तीच गाणी, त्याच लायनीनं दे बाई. आमच्या बायकांचे पाय त्याच्यावरच बसलेत." गाणी सगळी आहेत, पप्पा. क्रम फोल्डरांत होता, तो आता कुठेच नाही.

म्हणून कालपासून ड्युटी सुटली की तिला समोर बसवते. एक गाणं पूर्ण वाजवते, ते संपत आलं की ती आपसूक पुढचं गुणगुणते. विसातली दहा लागली. अकराव्याला अडकली. मग पदर खोचून आपल्या ओट्यासमोर नाचायलाच लागली. "हसती काय, गिरकी कुठं येती ते बघ!" गिरकी आली आणि गाणं सापडलं. अजून नऊ राहिलीत. रविवारच्या आत लावणार म्हणजे लावणार, आणि नंतर ट्रॅक्टरवाल्यालाही शोधणार.

फक्त एक गोष्ट. मी तिला सांगितलंय, डिस्क आपोआप बिघडली आणि क्रम गेला. ती म्हणाली, "असू दे, पप्पांचं सामान जुनंच व्हतं." मी पुढचं गाणं लावलं. तुमच्यावर ढकललं. दारात चपला वाजल्या, तीच असणार. आधी तिला खरं सांगते, मग गाणं. हे लिहिलेलं असंच उघडं ठेवून उठतेय, तुम्ही काही बोलायच्या आत.