सीटला हात लावायचा नाही

...तोवर माझी मेथी निवडून झाली होती, कुकर लावला होता आणि कपडे पिळून उरलेलं पाणी बादलीत भरून अंगणात ठेवलं होतं. हे गाडी धुवायला नळाचं पाणी घेत नसत. नळाचं पाणी देवाला आणि माणसाला, गाडीला कपड्यांचं उरलेलं चालतं, असा नियम. (त्यात नीळ असायची, म्हणून आपली पांढरी गाडी कायम थोडी आजारी दिसायची.) हे पंपावर पेट्रोल भरून आले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि मी चहाचं आधण ठेवलं.

लताताई, नमस्कार करायचा राहिलाच. तो सगळ्यात वर पाहिजे होता, पण आज उठल्यापासून ती सकाळच डोक्यात आहे, म्हणून आधी ती उतरवून टाकली. तुमचे गुडघे कसे आहेत? दाजी मागावर बसायला लागले का, की अजून खांदा धरतो? मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचनालयातून पुस्तक बदलून आणते. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण हे गेल्यापासून आपल्या दोघींचा फोन म्हणजे एकमेकींचा श्वास ऐकायचा आणि शेवटी "बरं, ठेवते" म्हणायचं. म्हणून लिहिते. विषय गाडीचा आहे.

समर्थने पुण्यातून भंगारवाला ठरवला आहे. शनिवारी येतो. समर्थ म्हणतो, "आई, ती आता गाडी राहिली नाही, अडगळ झाली." मुलगा वाईट नाही, लताताई. त्याला माझी काळजी वाटते आणि काळजी वाटली की तो काहीतरी विकायला काढतो (गेल्या खेपेला शिलाई मशीन होतं). आमचं भांडण होऊन असं ठरलं की शनिवारच्या आत गाडी चालू झाली तर ठेवायची, नाही झाली तर द्यायची. ती हे गेल्यापासून चालू झालेली नाही. दीड पावसाळा अंगणात उभी आहे. डिकीत अजून तुमच्या कांद्यांचा वास येतो. दर भाऊबीजेला येवल्याहून निघताना तुम्ही डिकी भरून द्यायचात, तो वास फिनेलनेही गेला नाही. पुढच्या दिव्यांपैकी एकच लागतो. काच वर करायची तर एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने काच हाताने ओढायची, म्हणजे एकटीने वारा खायचा किंवा घाम गाळायचा. तरी ती जाऊ नये असं मला वाटतं. का, ते खाली येईल.

मी आधी गाडीचं पुस्तक वाचलं. इंग्रजीत आहे. सातवीनंतर मी जे शिकले ते असंच, समोर येईल ते वाचून, त्यामुळे भिंग आणि शब्दकोश घेऊन बसले. गाडी चालू न झाल्यास काय करावं याचं एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात पहिलंच वाक्य, घाबरू नये. नवरा गेल्यावर काय करावं याचं असं प्रकरण कुणी छापलेलं नाही, नाहीतर त्यातही पहिलं वाक्य हेच असतं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बॅटरी बघितली. ती मेलेली होती. नवी घातली. किल्ली फिरवल्यावर गाडी घरघर करायला लागली, पण चालू काही होईना. मग सातपूरहून पुंजा मिस्त्री आले. त्यांनी प्लग बदलले. जुनं पेट्रोल काढून नवं घातलं. ते जुनं पेट्रोल काढताना मी आत गेले. ते यांनी भरलेलं होतं, बघवेना. तरी घरघरच. मग पुंजा म्हणाले पंप गेला. पंप बदलला. घरघर. चौथ्या दिवशी ते म्हणाले, पंपाची वायर ड्रायव्हरच्या सीटखाली कुठेतरी जाते, सीट सरकवून बघतो. मी म्हटलं, सीटला हात लावायचा नाही.

आता हे तुम्हाला नीट सांगते. तुमचे भाऊ ताडमाड, मी ही एवढी. यांनी मला गाडी शिकवली तेव्हासुद्धा सीट पुढे घेऊ दिली नाही. एकदा हलली की परत जमवायला आठवडा जातो, म्हणायचे. मग मी पाठीमागे दोन उशा लावून शिकले. लायसन्सच्या परीक्षेलाही उशा घेऊन गेले. (साहेबांनी विचारलं, पाठीचं दुखणं आहे का. मी म्हटलं, नाही, नवऱ्याचं.) त्या उशा अजून गाडीतच आहेत. आणि सीट अजून यांच्या मापाची आहे. घरातलं यांचं बाकी सगळं कुणी ना कुणी हलवलं. कपडे वाटले, चष्मा समर्थने कुणाला तरी दिला, कॉटसुद्धा भिंतीकडे सरकवली. ती सीट तेवढी कुणी हलवली नाही. मी आत बसले की माझ्यापुढे यांच्या पायांएवढी जागा रिकामी दिसते. पुंजा मिस्त्री अवजारं गोळा करून निघाले. जाताना म्हणाले, "बाई, तुम्हाला गाडी चालू करायची का देव्हारा करायचा, ते ठरवा आधी. मंग बोलवा."

हे सगळं चालू असताना शेजारचे धोंडीराम भाऊजी कुंपणापाशी चहाचा कप घेऊन उभे असायचे. यांच्याच कारखान्यातले, तुम्ही त्यांना ओळखता, तुमच्या घरी शेवभाजी खाऊन ज्यांना उचकी लागली होती ते. बॅटरी बदलली तेव्हा उभे. प्लग बदलले तेव्हा उभे. पंप निघाला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, तोंड उघडलं आणि परत कप उचलला. काल दुपारी घरी आले. पायरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, एक बोलायचंय. सोमनाथने चोर-बटण बसवलं होतं. ते दाबल्याशिवाय पेट्रोल चढत नाय. सीटच्या खाली आहे. त्याचा हात लांब, तो पोचायचा. दुसऱ्याचा सीट पुढं घेतल्याबिगर पोचत नाय."

मी विचारलं, मग इतके दिवस काय करत होतात? तर म्हणाले, त्याने मला त्याच्या गळ्याची शपथ घातली होती. आपल्याकडे गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची त्याच्या जिवावर येतं. पण तो जीवच गेलेला असेल तर शपथ सुटते का राहते, हे धोंडीराम भाऊजींना ठरवता येईना. म्हणून ते पंचवटीत एका गुरुजींना विचारून आले. गुरुजींनी एक नारळ फोडायला लावला आणि सुटली म्हणाले. इतका सरळ माणूस शेजारी असला की शत्रू लागत नाही. आणि मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाले, "तो म्हणायचा, उज्वलाला सांगितलं की मग ते चोर-बटण राहत नाय, मोर-बिर काढून दारावर लावल्यासारखं होतं."

मला हसू आलं, लताताई. नंतर राग आला. माझ्याजवळ यांच्या किती गोष्टी मुकाट राहिल्या हे यांना ठाऊक होतं. म्हणजे सीट हलवू नको, जमवायला आठवडा जातो, ते पायांसाठी नव्हतंच. मी इतकी वर्षं दोन उशांवर रेलून एका बटणाची राखण करत होते.

रात्री भांडी घासताना एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हालाच सांगते. गाडी काढताना आणि लावताना, मी चालवणार असले तरी, हे दर वेळी आधी सीटखाली वाकून काहीतरी करत. मला वाटायचं, चप्पल शोधतात. त्या सकाळीही पंपावरून येऊन वाकले असणार. मग दार लावलं, आत आले, चहा मागितला, आणि तो कपात ओतेपर्यंत हे खुर्चीत नव्हते. खुर्चीत होते, पण नव्हते. म्हणजे यांच्या हाताने झालेलं शेवटचं काम ते बटण बंद करणं. ते मी सुरू केलं तर यांनी बंद केलेलं काही उरणार नाही. नाही केलं तर शनिवारी बटणासकट सगळंच जाईल. पुस्तकात यावर काही नाही. मी परत पाहिलं.

बाकी ठीक. थंडी पडायला लागली आहे, गुडघ्यांना ऊब द्या. दाजींना नमस्कार सांगा.

तुमची,
उज्वला

ता.क. गेल्या भाऊबीजेला तुम्ही फोन करून म्हणालात, यंदा चंद्राला ओवाळलं, आणि ठेवून दिलात. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, हे मला माहीत आहे. पण यंदा थोडं थांबा. गाडी जगली तर मी ती घेऊन येवल्याला येते. भाऊ आणता येत नाही, पण तो ज्या सीटवर बसून तुमच्याकडे यायचा तिला ओवाळा. चंद्राला काय, तो रोजच येतो.

ता.क. वरचं सगळं लांबण आहे. विचारायचं एवढंच होतं: सीट सरकवू का? तुम्ही यांच्याहून मोठ्या. तुम्ही हो म्हणालात तर माझा हात उठेल. नाही म्हणालात तर भंगारवाल्याला चहा करेन. कुठलंही असो, एका ओळीत कळवा. फोनवर नको.

ता.क. पत्र काल टपालात टाकायचं राहून गेलं, आणि तुमचं उत्तर शनिवारच्या आत यायचं नाही हेही काल सुचलं नाही. आज सकाळी मेथी निवडली, कुकर लावला, कपडे पिळले. मग गाडीत बसले, खालचा दांडा उचलला आणि सीट पुढे ओढली. खाली हात घातला. किल्ली फिरवली, दुसऱ्या खेपेला गाडी चालू झाली. कुंपणापाशी धोंडीराम भाऊजींनी डोळे पुसले की चहा पुसला ते कळलं नाही. समर्थला फोन करून भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. नंतर दोन्ही उशा काढल्या, उन्हात झटकल्या आणि घरात नेऊन ठेवल्या.